कार्ड सतरा, कार्ड एक्केचाळीस

“हिरवं? हिला हिरवं दिलंय?”

शहनाज आपांनी कार्ड टेबलावर आपटलं. बाकीच्या सात जणी आपापली कार्डं वाचायच्या थांबल्या. मी घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. एक वाजेपर्यंत ऐंशी कार्डं उरकायची होती आणि आम्ही जेमतेम निम्म्यावर आलो होतो. त्यामुळे मला आधी वैतागच आला.

“आपा, पटत नसेल तर फॉर्मवर ‘असहमत’ला टिक करा. पुढचं कार्ड घ्या.”

“टिक काय करता मॅडम? हे एक्केचाळीस न् मघाचं ते सतरा, ह्या दोन बाया न्हाईत. ही एकच बाई हाय.”

मी हसले. आजही ते हसणं आठवलं की स्वतःचाच राग येतो.

आम्ही काय करत होतो ते आधी सांगते. मी एका विद्यापीठात संख्याशास्त्र विभागात रिसर्च ऑफिसर आहे. मूळची उमापूरची, म्हणजे बीड जिल्हा मला परका नाही. जिल्ह्यातल्या काही आरोग्य केंद्रांत एका खासगी कंपनीचं एआय सॉफ्टवेअर ट्रायलवर होतं. नर्स प्रत्येक गरोदर बाईचं वय, उंची, वजन, बीपी, रक्त वगैरे त्यात भरायची. सॉफ्टवेअर त्यावरून बाईला रंग द्यायचं. लाल म्हणजे धोका, तिच्यासाठी कॅम्प आणि गाडी. पिवळा म्हणजे नर्सने लक्ष ठेवायचं. हिरवा म्हणजे बाई ठीक आहे, आणि तसा तिला मोबाईलवर मेसेज जायचा.

असं सॉफ्टवेअर बरोबर चालतंय का हे तपासणं म्हणजे त्याचं ऑडिट. ते सहसा इंजिनिअर करतात, एसीत बसून, स्वतःच्याच आकड्यांवर. आमच्या प्रोजेक्टचं म्हणणं असं होतं की ज्यांच्यावर हे वापरलं जातंय त्यांनाही तपासू द्या. म्हणून पाटोद्याला एका शाळेची रिकामी खोली घेऊन आम्ही आठ जणींचं पॅनेल बसवलं. एक आशाताई, एक अंगणवाडी मदतनीस, तीन ऊसतोडीला जाऊन आलेल्या बायका, एक शिवणकामवाली, एक बारावी झालेली सून आणि शहनाज आपा.

आपा म्हणजे पाटोद्याच्या बांगडीवाल्या. मणेर घराणं, वय पन्नाशीच्या पुढे, शाळा सातवीपर्यंत. पाटोदा आणि शिरूर कासारच्या बाजारात त्यांचं दुकान मांडलेलं असतं. डोहाळजेवण, लग्न असलं की गावोगाव बोलावणं येतं. पॅनेलची यादी पाहून आमचे सर म्हणाले होते, “बांगडीवालीचा आणि आरोग्याचा काय संबंध?” खरं सांगायचं तर अर्जात ‘विविध व्यवसायांचं प्रतिनिधित्व’ असा एक रकाना होता, तो मला भरायचा होता.

पद्धत साधी होती. प्रत्येक कार्डावर एका बाईच्या नोंदी. पॅनेलने आधी स्वतः रंग सांगायचा, मग कार्डाच्या मागे छापलेला सॉफ्टवेअरचा रंग पाहायचा. पटला तर सहमत, नाही तर असहमत. कार्डांवर नाव, गाव, फोन काही नव्हतं. ती ओळख पुसण्याचा प्रोग्राम मीच लिहिला होता. माणसांवर संशोधन करायचं तर विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते, आणि कमिटीची पहिली अट हीच होती की कोणाची ओळख पटता कामा नये.

“आपा, कार्डावर नाव नाही. तुम्हाला कसं कळणार कोण आहे ते?”

“नाव कावून पायजे? हे वाचा.” त्यांनी दोन्ही कार्डं माझ्यापुढे सरकवली आणि सर्वांत खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

सतरा नंबरवर नर्सचा शेरा होता: डाव्या हाताला जुना भाजल्याचा व्रण, बीपी उजव्या हाताला घेतला. एक्केचाळीस नंबरवर दुसऱ्या नर्सच्या भाषेत तेच. डावा हात मनगटापर्यंत भाजलेला, बीपी उजवीकडे. दोन्हीकडे उंची एकशे बेचाळीस सेंटिमीटर. दोन्ही पहिलटकरणी.

माझ्या प्रोग्रामने नाव, गाव, फोन पुसलं होतं. शेऱ्याच्या रकान्याला हातच लावला नव्हता. मला वाटलं होतं, शेऱ्यात काय असणार!

“मी हिच्या हातात दोनदा बांगड्या भरल्यात,” आपा म्हणाल्या. “एकदा शिरूरच्या बाजारात, सासू संगं व्हती. डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या. डाव्या हाताचं कातडं आकसलंय, तवा लई जपून भराव्या लागल्या. दुसऱ्यांदा आठ दिवसांखाली, तिच्या माहेरच्या वाडीवर. दोन बांगड्या वाढल्या व्हत्या म्हणून तिच्या आईनं बोलावलं.”

बांगडी फुटली असं आमच्याकडे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात.

“बरं. मग?”

“मग काय? बाजारात दोन-चार मापाच्या बसल्या. आठ दिवसांखाली दोन-सहा बी जाईना. दोन-आठच्या भरल्या मी. मला वाटलं, अंगावर आलीय पोरगी, माहेरचं खाऊन. पर आता हे दोन कागद एकाखाली एक ठेवा की.”

मी ठेवले. सतरा नंबरवर पाचव्या महिन्यातला बीपी एकशेदहा-सत्तर, सातव्यात एकशे सव्वीस-ब्याऐंशी. पुढे नोंदच नाही. एक्केचाळीसवर एकच नोंद, आठव्या महिन्यातली, एकशे अडतीस-अठ्ठ्याऐंशी. बीपीचा धोका आम्ही एकशेचाळीस-नव्वदपासून धरतो. सुट्या सुट्या पाहिल्या तर दोघीही त्याच्या आत, म्हणून दोघीही हिरव्या. एकत्र पाहिलं तर एकाच बाईचा बीपी महिन्यागणिक चढत चालला होता आणि हात सुजत होते. पहिलटकरणीच्या बाबतीत या दोन गोष्टी एकत्र आल्या की डॉक्टर जागचे उठतात. बीपी असाच चढला तर तिला झटके येऊ शकतात. आई जाते, बाळही जातं.

एकीच्या दोघी कशा झाल्या? कोणाचीच चूक नव्हती म्हणावं तर तसं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. मुलगी सातव्यानंतर माहेरी येते आणि तिथल्या केंद्रात नव्याने नोंद होते. बऱ्याच घरांत लग्नात मुलीचं नावही बदलतात, पाटावर बसून ताटातल्या तांदळात नवं नाव काढतात. म्हणजे सासरच्या केंद्रात एक नाव, नवऱ्याचं आडनाव, नवऱ्याचा फोन. माहेरच्या केंद्रात लहानपणचं नाव, वडलांचं आडनाव, वडलांचा फोन. सॉफ्टवेअर नाव आणि फोनवरून माणूस ओळखायचं. त्याच्या लेखी या दोन बायका झाल्या. कंपनीच्या इंजिनिअरांना ही रीत माहीत नसेल, समजू शकते. मला माहीत होती. माझ्या स्वतःच्या आईची दोन नावं आहेत. तरीही ऑडिटचा फॉर्म करताना माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या फॉर्मवर दोन कार्डं शेजारी ठेवायला जागाच नव्हती.

“आपा, ती आता कुठे आहे?”

“वाडीवरच. पर आज दुपारी चारला त्यांची गाडी हाय. कारखान्याला निघालेत. तिला बी नेतायत संगं. घरी ठेवतील कुणाजवळ? वाडी सगळी रिकामी व्हती की.”

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. त्या दिवसांत आमच्या भागातल्या अर्ध्याअधिक वाड्या ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जातात. नवरा तिकडे आपल्या टोळीबरोबर गेलेला, माहेर इकडे निघालेलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि माहेर तर उसाच्या फडात असणार होतं.

मी व्हरांड्यात जाऊन सरांना फोन लावला. सर म्हणजे प्रोजेक्टचे प्रमुख. पोथीसारखा प्रोटोकॉल पाळणारे. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पॅनेल ताबडतोब थांबवा. कार्डं गोळा करा. कपाटात सील करा.”

“सर, ती मुलगी...”

“ओळख पटली म्हणजे डेटा ब्रीच झाला, माहिती फुटली. पहिलं काम कमिटीला मेल. कमिटी सांगेल तसं करायचं.”

“कमिटी कधी सांगेल?”

“आठ-दहा दिवसांत मीटिंग लावतील.”

“गाडी चारला आहे, सर.”

ते आवाज खाली आणून म्हणाले, “मला कळत नाही असं समजू नका. पण मुलींचे गर्भ पाडणाऱ्यांमुळे बदनाम झालेल्या या जिल्ह्यात गरोदर बायकांची माहिती बाहेर जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. आज तुम्ही चांगल्या कारणासाठी नाव काढाल. उद्या दुसरा कोणी आपल्याच कार्डांवरून वाईट कारणासाठी काढेल. नियम त्या दुसऱ्यासाठी असतो.”

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, आणि तेच जास्त त्रासाचं होतं. ते निव्वळ हट्टी असते तर मला निर्णय सोपा गेला असता. मी “बरं सर” म्हणून फोन ठेवला.

आत येऊन मी कार्डं गोळा करायला लागले. आपांनी आपली दोन्ही कार्डं दिली.

“घ्या मॅडम. पर माझ्या डोक्यात हाय ते कसं काढून घेणार?”

मी कार्डांचा गठ्ठा बांधत राहिले.

“तुमी नका येऊ. मी जाते. मी काय तुमच्या हापिसात नोकर न्हाई. बांगडीवाली कुणाच्या बी दारात जाऊ शकती.”

“तुम्ही जाऊन काय सांगाल?”

“त्येच तर. माझं कोण ऐकणार? तुमी आलात तर ऐकतील.”

पॅनेलवरची आशाताई, मंदाताई, तिने एव्हाना पिशवी खांद्याला लावली होती. त्या पिशवीत बीपीचं डिजिटल मशीन होतं. मी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन केला. ते बीडला मीटिंगला गेले होते, तरी फोन उचलला.

“कार्ड नंबर तुमचे, मॅडम. माझ्या रजिस्टरला ते लागू नाहीत,” ते म्हणाले. “आणि यादीत हिरवी असलेल्या बाईसाठी मी गाडी पाठवली तर मला लेखी कारण द्यावं लागतं. तुम्ही मला एक आकडा द्या. बीपी मोजून सांगा. वर असेल तर पुढचं मी बघतो.”

आकडा मिळायचा तर वाडीवर जाणं भाग होतं. पाऊण वाजायला आला होता. मी कार्डं कपाटात ठेवली, सील केली, किल्ली पर्समध्ये टाकली. सरांनी सांगितलेलं तेवढं काम केलं. बाकीचं केलं नाही. प्रोजेक्टची जीप बाहेर उभी होती. आपा, मंदाताई आणि मी बसलो.

वाटेत सरांचा फोन दोनदा वाजला. मी फोन सायलेंटवर टाकला. नोकरीच्या अकरा वर्षांत मी सरांचा फोन कधी टाळला नव्हता. मंदाताईने पाण्याची बाटली पुढे केली.

वाडीवर पोचलो तर ट्रक निघायच्या बेतात. चारची वेळ मुकादमाने दीडवर आणली होती. मुकादम म्हणजे टोळी जमवून कारखान्यावर नेणारा माणूस. ट्रकमध्ये भांडी, ज्वारीची पोती, चुली, चटया, दोन शेळ्या, पोत्यात गुंडाळलेले कोयते, सगळं चढलं होतं. माणसं चढत होती.

ती लिंबाच्या सावलीत एका पोत्यावर बसली होती. तिला इथे मी चंदा म्हणते. म्हणजे हे तिचं आणखी एक नाव झालं. एवढीशी उंची, चेहरा फुगलेला, कपाळाला ओढणी घट्ट बांधलेली.

“काय झालं गं? कपाळ का बांधलंय?” मी विचारलं.

“डोकं ठणकतंय. दोन दिस झाले. ऊन लागलं असंल.”

तिची आई लगबगीने आली. “आपा, तुमी कशाला आलाव आता? बांगड्या न्हाई भरायच्या, गाडी सुटायलीय. ह्या कोण?”

“आम्ही आरोग्याचं बघतो,” मी म्हणाले. “हिचा बीपी तपासायचाय. हिला प्रवास झेपणार नाही असं वाटतंय.”

“कावून झेपणार न्हाई?” तिने कमरेला खोचलेला नवऱ्याचा मोबाईल काढून माझ्या तोंडापुढे धरला. “ह्ये बघा. कालच आलाय. पोरीनंच वाचून दाखवला. दवाखान्याचाच हाय न्हवं?”

स्क्रीनवर मेसेज होता. तुमची तब्येत सामान्य आहे. पुढील तपासणीस वेळेवर यावे.

मी तो मेसेज प्रोजेक्टच्या फाईलमध्ये नमुना म्हणून कितीदा वाचला होता. त्यातली भाषा सोपी आहे का, यावर आम्ही अर्धा दिवस चर्चाही केली होती. त्या बाईच्या हातात तो पाहिला आणि माझीच मला लाज वाटली. कारण तिने काहीच चूक केली नव्हती. कॉम्प्युटरने सांगितलं, तिने ऐकलं.

“मेसेज चुकीचा आहे,” मी म्हणाले.

“चुकीचा कसा असंल? मिशनीनं दिलाय.”

तेवढ्यात मुकादम ओरडला, “ओ म्हातारे, चढ बिगीबिगी! तुझ्यासाठी गाडी थांबत नसती.”

ती वळली. मी तिचा हात धरायला गेले, पण त्याआधीच आपा खाली मातीत बसल्या होत्या. त्यांनी चंदाचा उजवा हात मांडीवर घेतला होता, बांगड्या भरताना घेतात तसा.

“इकडं ये गं,” आपांनी आईला हाक मारली. “दोन मिन्टं बस. आठ दिवसांखाली तुझ्यासमोर मी ह्या भरल्या. खरं का न्हाई?”

“व्हय.”

“तवा फिरत व्हत्या का हातात?”

“फिरत व्हत्या की.”

“आता फिरव.”

आईने बांगडी धरून फिरवून पाहिली. बांगडी जागची हलली नाही. आपांनी ती जरा वर सरकवली. खाली मनगटावर खोल वळ उमटला होता, पांढरा पडलेला. आईने त्यावर अंगठा दाबला आणि उचलला. अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला.

“ही सगळ्यात मोठ्या मापाची हाय,” आपा म्हणाल्या. “ह्याच्यापरीस मोठी माझ्या पेटीत न्हाई. आठ दिवसांत हात भरला. एवढं अंगावर खाऊन न्हाई येत गं बाई. हे पाणी हाय.”

आईने पोरीचा हात सोडला नाही.

मंदाताईने मशीन बांधलं. पहिल्यांदा आकडाच येईना. चंदा बोलत होती, तिला गप्प बसवलं. दुसऱ्यांदा आकडा आला. एकशे चौसष्ट-एकशे आठ. मी स्वतः पुन्हा एकदा घेतला. तेवढाच.

डॉक्टरांना आकडा सांगितला. क्षणभरही न थांबता ते म्हणाले, “ॲम्ब्युलन्सची वाट बघू नका. तुमच्या जीपमध्ये घाला, डाव्या कुशीवर झोपवा, ग्रामीण रुग्णालयात आणा. मी त्यांना इंजेक्शन काढून ठेवायला सांगतो.”

मुकादम उतरून आला होता. वाईट माणूस नव्हता तो, पण घाईत होता. “पोरीला न्या, माझं काय म्हणनं न्हाई. पर म्हातारी राहिली तर माझा कोयता मोडतो. ऐन टायमाला दुसरी जोडी कुठनं आणू?”

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाने तोडायचं, एकाने मोळ्या बांधायच्या. एकटा माणूस म्हणजे मोडका कोयता, त्याला टोळीत कोणी धरत नाही. म्हणजे आई राहिली तर बापाचा हंगाम धोक्यात. माझ्या कुठल्याच फॉर्मवर याचं उत्तर नव्हतं.

उत्तर आईने दिलं. ती चाकावर पाय देऊन ट्रकवर चढली, सामानातून आपलं गाठोडं ओढून काढलं आणि खाली फेकलं. वर बसलेल्या नवऱ्याला एवढंच म्हणाली, “तुमी व्हा म्होरं. माझ्या जागी बघा कुणाला घ्यायचं ते.” आणि जीपमध्ये येऊन लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. बाप ट्रकच्या कठड्याला धरून बघत राहिला. ट्रक सुटला.

पुढच्या सव्वा तासातलं मला फार थोडं आठवतं. रस्त्याचे खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्याला आपांचं “या अल्ला” आणि आईचं “देवा” एकाच वेळी येणारं. ग्रामीण रुग्णालयात इंजेक्शन दिलं, तिथून ॲम्ब्युलन्सने बीडला नेलं. जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही केंद्रांचे कागद आईच्या पिशवीतून काढून शेजारी ठेवले. हो, दोन्ही कागद आईच्या पिशवीत होते, एकाच प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. कॉम्प्युटरलाच ते वेगळे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीझर झालं. मुलगी, सतराशे ग्रॅम. तिला तीन आठवडे काचेच्या पेटीत ठेवलं. दोघी जगल्या.

सरांचा फोन मी सीझरच्या आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरून घेतला होता.

“सर, मी गेले होते.”

“मला वाटलंच. मुलगी?”

“ॲडमिट आहे. धोका आहे अजून.”

“लेखी द्या,” ते म्हणाले. “सगळं. वेळेसकट.” आणि फोन ठेवला.

दोन आठवड्यांनी एथिक्स कमिटीपुढे उभी राहिले. सात माणसं, लांबलचक टेबल. अध्यक्षांनी विचारलं, “ओळख पटल्यावर प्रोटोकॉलप्रमाणे तुम्ही कोणती कृती केली?”

“कार्डं सील केली. त्यानंतर प्रोटोकॉलप्रमाणे काही केलं नाही.”

“अशा वेळी काय करायचं, हे प्रोटोकॉलमध्ये लिहिलं होतं का?”

“नव्हतं.”

“का नव्हतं?”

मी खरं सांगितलं. प्रोटोकॉल मी जुन्या एका सर्वेक्षणावरून कॉपी केला होता. त्या सर्वेक्षणात लोकांना वाचनाची आवड विचारायची होती. त्यात कोणाच्या जिवाला धोका निघेल असं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

मला वाटलं, आता सर हात झटकतील. ते उठले आणि म्हणाले, “त्या प्रोटोकॉलवर शेवटची सही माझी आहे. मीही वाचला नव्हता.” एवढं बोलून बसले. त्या माणसाबद्दल मी वर जे पोथीबिथी लिहिलंय ते तसंच ठेवते, पण त्या दिवशी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मला लेखी समज मिळाली. पॅनेलचं काम काही महिने बंद राहिलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा प्रोटोकॉलमध्ये एक कलम वाढलं होतं: पॅनेलला जिवाचा धोका दिसला तर त्याच दिवशी, ओळखीसह, थेट डॉक्टरांना कळवायचं. फॉर्मवर एक रकानाही वाढला: ‘हे कार्ड दुसऱ्या एखाद्या कार्डातल्या बाईचंच वाटतं का?’ या रकान्यात आपा आणि मंदाताईंनी आजवर इतकी कार्डं जोडून दाखवली आहेत की आम्हाला वेगळं रजिस्टर करावं लागलं.

शेऱ्याचा रकाना मात्र कमिटीने पूर्ण पुसायला लावला. बरोबरच आहे. पण तो आधीच पुसलेला असता तर आपांना त्या दिवशी काही कळलं नसतं आणि दीडच्या ट्रकमध्ये चंदा बसली असती. माझ्या चुकीमुळेच ती सापडली. हे मी कमिटीला लेखी कळवलं. त्यावर काय करावं हे त्यांनाही सुचलं नसावं, कारण उत्तर आलेलं नाही.

हे सगळं मी चंदाच्या परवानगीने लिहिते आहे. आईचं हंगामाचं काम गेलं, बापाने दुसऱ्या टोळीत पडेल ते काम केलं. ते सोपं गेलं नाही, आणि आमच्या प्रोजेक्टमध्ये त्याची भरपाई करायला कुठलंही कलम नव्हतं.

वर्षभराने ट्रायल संपली. कंपनीचा अहवाल आला, चांगल्या कागदावर छापलेला. हिरव्या दिलेल्या बायकांपैकी किती जणी खरोखर सुखरूप राहिल्या, याचा त्यात तक्ता होता. त्यातल्या नोंद-क्रमांकांवरून मी आधी आमची सतरा शोधली, मग एक्केचाळीस. दोन्हींपुढे लिहिलं होतं: गुंतागुंतीची नोंद नाही. म्हणजे अंदाज बरोबर. जिल्हा रुग्णालयात तिची नोंद आधार कार्डावरच्या तिसऱ्याच नावाने, म्हणजे माहेरचं नाव आणि सासरचं आडनाव अशी झाली होती, आणि ती या दोन कार्डांना जोडलेली नव्हती.

मी हरकत नोंदवली. कंपनीकडून नम्र उत्तर आलं की नोंदी जोडणं हा मॉडेलच्या, म्हणजे त्या सॉफ्टवेअरच्या, कामाचा भाग नाही. आपांना ते वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “मग मॉडेल करतंय काय?”

आता नवीन पॅनेल बसवताना मी पहिल्या दिवशी एवढंच सांगते: मशीनने रंग बरोबर दिला का, हे नंतर बघू. आधी बघा, त्याला माणूस तरी पुरता दिसला का.

अहवालात ती अजूनही दोन बायका आहे. दोघी हिरव्या, दोघी सुखरूप, दोघी कंपनीच्या यशात मोजलेल्या. जिची लेक आता चालायला लागली आहे, ती बाई त्यांच्या यादीत नाही.